इस्तरी फिरवलेले गुलाब

"हे उठावाचं काम नाही. बाद करा," जाधव सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मीही सही करणारच होते.

नांदेडच्या जिल्हा क्रोशा स्पर्धेत आम्ही दोघं परीक्षक होतो. मी आयटीआयमधून शिलाई निदेशिका म्हणून रिटायर झालेली. लेसचे दोन गट असतात. सपाट गटात सगळी वीण टेबलाला लागून बसली पाहिजे. उठावाच्या गटात फुलांच्या पाकळ्या वर उठलेल्या हव्यात. गुण देणं सुरू होण्याची बेल होण्याआधी कोणतं काम कोणत्या गटात बसतं एवढंच तपासायचं.

समोरचा रुमाल हिमायतनगरकडच्या वैशालीचा. नाव उठावाच्या गटात, अन् नऊच्या नऊ गुलाब पापडासारखे चपटे.

तिला बोलावलं. घरून बांधून आणलेलं रुमालाचं पाकीट तिनं न उघडताच काउंटरवर दिलं होतं. रुमाल बघून तिनं मागं वळून पाहिलं. मागून तिची सासू पुढं आली.

"इस्तरी म्या फिरवली, मॅडम. चुरगळलेलं जिल्ह्याला कसं न्यावं म्हणून. तिची काईच चूक न्हाई. लई रात्री जागली हो ती."

किनवटकडच्या एका आश्रमशाळेत शिवण शिकवायची जागा निघाली होती. पहिल्या तिघींतलं सर्टिफिकेट असेल तरच वैशालीचा अर्ज पुढे जाणार होता. हेही सासूनंच सांगितलं.

"सपाट गटात टाकू या का?" सर म्हणाले. माणूस वाईट नाही.

"तिथं पाकळ्यांचे थर चालत नाहीत, सर."

मग मी रुमाल उलटा केला. हे आधीच करायला हवं होतं. प्रत्येक गुलाबामागे साखळीचे सुटे फास होते. पाकळ्यांचा पुढचा थर त्या फासांवर विणतात, म्हणून तो खालच्या थरापासून मोकळा राहतो. उठाव विणीतच होता, नुसता दबला होता.

"पण वरून दिसत नाही ना, मॅडम."

"बेलला वीस मिनिटं आहेत. तोवर स्पर्धकाला आपलं काम मांडता येतं. नियमच आहे."

सरांनी नियमांचा कागद काढला, वाचला आणि मान हलवली.

वैशालीनं पाण्यात बोटं बुडवली. एकेका पाकळीला ओल लावून ती आतून वर उचलू लागली. "आत्या, कड घट्ट धरा," ती सासूला म्हणाली. म्हातारीनं शेवटपर्यंत कड सोडली नाही.

आठ गुलाब उठले. नववा मधला. तिथं इस्तरी जास्त टेकली होती, दोरा पिवळा पडला होता. तो काही उठला नाही. सरांनी त्याचे गुण कापले, आणि ते बरोबरच होतं. वैशाली तिसरी आली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. परीक्षक वाजवत नाहीत.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. "लागले मॅडम, किनवटला. आत्या आता माझ्या साडीलाबी इस्तरी करू देईनात."

पुढच्या वर्षी सूचनापत्रात दोन ओळी वाढल्या. उठावाच्या कामावर इस्तरी फिरवू नये. बाद करण्याआधी काम उलटून पाहावं. पहिली ओळ स्पर्धकांसाठी आहे. दुसरी मी माझ्यासाठी घालून घेतली.