दुसरा रिसीव्हर काही सेट होईना

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून ‘फेका, अजून फेका’ अशी कमेंट टाकणाऱ्यांतला मी एक. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं छोटं मशीनशॉप आहे. मायक्रोमीटरवर जे दिसत नाही ते नाहीच, असं मानत चाळिशी ओलांडली. आता माझ्याच लिखाणाखाली तशी कमेंट येणार... येऊ दे. झालं तसं लिहितो.

घर फुलेवाडी रिंग रोडला. खाली आम्ही, वर गच्ची. गेल्या एप्रिल महिन्यात हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं ठरवलं – आयुष्यातलं पहिलंच. हौस माझी होती हे कबूल, पण खरं कारण आप्पा. माझे वडील, वय शहात्तर. तीस वर्षं फौंड्रीत काढल्यानं कान गेलेले. कानाचं मशीन लावत नाहीत, ‘किडा वळवळल्यागत हुतंय’ म्हणतात. टीव्हीवर ‘काय बोलत्यात ती कळंना, नुसती तोंडं हलवत्यात’ म्हणून हळूहळू त्यांनी आमच्यात बसणंच सोडलं. जेवले की खोलीत, दार बंद. त्या बंद दाराचं मला फार वाईट वाटायचं.

रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि स्पीकर यांच्या मधला डबा. कुठल्या स्पीकरला कुठला आवाज, किती द्यायचा, हे तो ठरवतो. महिनाभर मी रिव्ह्यू वाचून डोकं पिकवून घेतलं आणि शेवटी दोनच उरले. पहिला दांडगा, वॉट भरपूर, मित्रांना दाखवायला झकास. दुसरा साधा, पण माणसांचं बोलणं तेवढं उचलून स्पष्ट करणारा. माझं मन पहिल्यावर होतं, हे लपवत नाही. शाहूपुरीतला दुकानदार म्हणाला, “पावणं, दोन्ही घरात लावून बघा की. ऐकल्याबिगर ठरवायचं न्हाई.”

रविवारी सकाळी दहाला त्याचा फिटर इम्तियाजभाई दोन्ही डबे घेऊन आला. पन्नाशीचा, कामात पक्का माणूस. स्पीकर आदल्या दिवशीच बसवले होते. रिसीव्हर खोली मोजून घेतो – सोफ्यावर डोक्याच्या उंचीला छोटा माइक ठेवायचा, एकेका स्पीकरमधून आवाज निघतो, तो माइकनं ऐकला की सेटिंग आपोआप होतं. तेवढा वेळ घरात गप्प बसायला लागतं. आता कोल्हापुरात गप्प बसायचं म्हणजे उपासच की, पण बसलो. पहिला रिसीव्हर पाच मिनिटांत सेट झाला. मी खूश.

मग चहा झाला आणि इम्तियाजभाईनं वायरी काढून दुसऱ्याला जोडल्या. सेटिंग चालू केलं, तर स्क्रीनवर मेसेज – आजूबाजूचा आवाज जास्त आहे, शांतता करा.

पंखा बंद केला. तोच मेसेज. फ्रिज बंद केला, सुजाताला – माझ्या बायकोला – मिक्सर थांबवायला लावला. तोच मेसेज. शेजारी ग्रॅनाइट कापत होते, त्यांना जाऊन हात जोडले. परत तोच मेसेज! माझं टाळकं सरकलं. म्हटलं, “बांधा हो ह्याला. पहिलाच ठेवतो.”

“एकदा, शेवटचं,” इम्तियाजभाई म्हणाला. “कोणी श्वास बी घेऊ नका.”

परत तोच मेसेज. पण एव्हाना घरात इतकी शांतता होती की, भिंतीतून काहीतरी ऐकू आलं. टण्ण... मग बराच वेळ काही नाही... टण्ण.

“अहो, टाकीच्या पायपातनं येतंय,” सुजाता म्हणाली, आणि तिचा चेहराच उतरला. “आप्पा कुठं हायत?”

आम्ही धरून चाललो होतो की, आप्पा रविवारचे मंदिरात गेले आणि तिथून मित्राकडे. एक वाजेपर्यंत त्यांची वाट कोणी बघतच नाही. पण आमच्या जैन घरातली जुनी रीत आहे – पाणी गाळायचं आणि गाळण्याचं फडकं ते पाणी जिथून आलं तिथंच परत धुवायचं, बारीक जीव मरू नयेत म्हणून. गावाकडं विहीर होती, इथं गच्चीवरची टाकी. शिडी चढायची नाही असं आप्पांना शंभरदा बजावलं होतं. आमचं लक्ष वायरीत बघून ते तांब्या आणि फडकं घेऊन गुपचूप वर गेले होते.

टाकी आणि कठड्याच्या सापटीत आडवे पडलेले सापडले. शिडी अंगावर, पाय घोट्यात मोडलेला, ओठ कोरडे. हाका मारून आवाज बसला होता. हातातला पितळी तांब्या तेवढा लोखंडी पाइपवर आपटत होते. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तर सरळ रडलोच. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या उन्हात अजून तासभर म्हणजे अवघड होतं. पायाला प्लास्टर, दोन सलाईन, बस्स. एवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी इम्तियाजभाई डबे न्यायला आला, वायरी सोडवायला वाकला आणि त्यानं मला हाक मारली. “साहेब, हे बघा.”

माइकची वायर पहिल्याच रिसीव्हरला होती. बंद करून ठेवलेल्या. गडबडीत त्यानं ती काढलीच नव्हती. म्हणजे दुसऱ्याला कान नव्हताच! आणि माइक नसला तर तो डबा ‘माइक जोडा’ म्हणून तिथंच थांबतो, पुढं जातच नाही. आम्ही त्याच वेळी करून बघितलं. पुढं मी एकट्यानं वीसेक वेळा केलं. दर वेळी ‘माइक जोडा’. ‘आवाज जास्त आहे’ पुन्हा एकदाही आलं नाही. मॅन्युअल पाठ झालं, कंपनीला मेल केला, त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट करा म्हणून सांगितलं. बरं, समजा बिघाड असेल. पण बिघाड नेमका त्याच तासाला, तोही फक्त पाचदा? मला उत्तर मिळालेलं नाही आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही.

दुसराच रिसीव्हर ठेवला, हे सांगायला नको. आप्पा प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून आमच्यात बसायला लागले, त्यांना शब्द न् शब्द कळायला लागला. परवा मालिका बघता बघता मधेच माझ्याकडं वळून म्हणाले, “तासभर कोकलत हुतो मी वर. भैरा मी, आन् ऐकू येईना तुमास्नी!”

सुजाता हसली. मला हसू आलं नाही. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.