उणे तीसमधला कुकर

आमच्या घरात थंडीची तक्रार करायचा मक्ता माझ्याकडे आहे. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये कुणी एसी जरा खाली नेला की मी मोजे शोधायला लागतो. ऑफिसात माझ्या खुर्चीच्या पाठीवर बारा महिने स्वेटर असतो. अशा माणसाने कॅनडाच्या उत्तरेला जाऊन अख्खा हिवाळा ट्रेलरमध्ये काढला, हे मी चारचौघांत सांगायला लागलो की बायको माझ्याआधी हसते. हसू दे. काढला तो काढला.

आंग मो किओमधली आमची कंपनी अवजड ट्रकच्या बॅटरीला लावायचे सेन्सर बनवते. कडाक्याच्या थंडीत ते चालतात का, हे आम्ही फ्रीजच्या थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या एका पेटीत ठेवून बघायचो. कॅनडातलं गिऱ्हाईक म्हणालं, पेटी नको, खऱ्या हिवाळ्यात चालवून दाखवा. नेमकं तेव्हाच आमचा विभाग आवरता घ्यायचं वरून ठरलं. तिकडे जो जाईल आणि टिकेल त्याची नोकरी राहणार, बाकीच्यांनी आपापलं बघावं. माझी नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पास जाणार, माझ्या पासवर राहणाऱ्या बायको-मुलगी दोघींनाही पुण्याला परतावं लागणार, आणि मुलीचं तर ओ लेव्हलचं, म्हणजे तिथल्या दहावीचं, वर्ष तोंडावर आलेलं. मी हात वर केला.

वर करताना डोळ्यांसमोर हॉटेल होतं. प्रत्यक्षात चाचणीचं मैदान गावापासून इतकं लांब, की तिथले सगळेच ट्रेलरमध्ये राहायचे. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं घर. लोकांनी उन्हाळ्यात तळ्याकाठी मजा करावी म्हणून बनवलेलं. पातळ भिंती, भिंतीला चिकटून पलंग, एक शेगडी, गॅसवरचा हीटर आणि असं न्हाणीघर, की आत शिरण्याआधी साबण कुठल्या हातात धरायचा ते ठरवून घ्यावं लागे.

व्हिडिओ कॉलवर मी दोघींना घर दाखवलं. फोन एका जागी उभा राहून फिरवला, तेवढ्यात संपलं.

“बाबा, सो क्यूट!” मुलगी म्हणाली.

“आपल्या बॉम्ब शेल्टरपेक्षा मोठं आहे,” मी म्हणालो. आमच्या फ्लॅटमध्ये, तिथल्या बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये असते तशी, जाड पोलादी दाराची एक खोली आहे.

“त्यात आपण मोडका पंखा आणि जुन्या बॅगा ठेवतो,” बायको म्हणाली. “माणूस नाही ठेवत.”

मी इरेला पेटलो. पहिल्याच सुट्टीत खिडक्यांवर प्लास्टिक ताणलं, फटी फोमने बुजवल्या, छतावरचा झरोका बंद करून त्यात उशी कोंबली. हीटरचा धूर बाहेर जायला वेगळी नळी होती, तेवढीच सोडली. मग सिंगापूरहून आणलेला कुकर काढला. रोज संध्याकाळी वरण-भात, त्यानंतर कढत पाण्याने अंघोळ, दोरीवर बनियन आणि मोजे वाळत. बाहेर उणे तीस आणि आत मी लुंगीवर. शेजारच्या ट्रेलरमधले दोघे जॅकेट घालून टोस्ट खायचे. मला त्यांची कीव यायची.

कीव फार दिवस टिकली नाही. आधी भिंतींना घाम फुटला. मग गादीची भिंतीकडची कड ओली लागायला लागली. मला वाटलं, छत गळतंय. उणे तीसमध्ये काय गळणार, हा विचार अभियंत्याच्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही. एका सकाळी उठलो, तर पांघरूण उठेना. त्याचं टोक भिंतीला गोठून चिकटलं होतं. ते उपटून दाराशी गेलो, तर दारही आतून बर्फाने चौकटीला धरलेलं. मी काय करावं? किटलीत पाणी उकळलं आणि कडीवर ओतलं. खोलीभर वाफ झाली, आणि पाणी उंबऱ्यापर्यंत जाऊन तिथे नव्याने गोठलं. शेवटी शेजाऱ्यांनी बाहेरून खेचलं, मी आतून खांदा मारला, आणि दारासकट त्यांच्या अंगावर गेलो.

तोवर उजाडलं होतं. आमच्या कामात पहाटेचा गारठाच महत्त्वाचा. रात्रभर उघड्यावर गोठलेला ट्रक त्या वेळी चालू करून सेन्सर काय सांगतो ते नोंदवायचं असतं. ती वेळ गेली. तासाभरात मॅनेजरचा सिंगापूरहून निरोप आला: पुन्हा असं झालं तर गिऱ्हाईक स्वतःचा माणूस लावणार आहे, तुला जमतंय का ते विचार करून सांग.

संध्याकाळी घरी फोन लावला. तिकडे शाळेची सकाळ होती. परत यावं म्हणतोय, हे वाक्य तोंडात तयार होतं. बायकोने ते बाहेर येऊच दिलं नाही.

“थांब, थांब. कॅमेरा मागे घे. भिंतीवर काय चमकतंय?”

“पाणी.”

“आणि शेगडीवर?”

“कुकर.”

“शिट्टी झाली की वाफ जाते कुठे?”

मी वर बघितलं. झरोक्यात उशी होती.

“अरे, कपाटात बुरशी येते म्हणून इथे मी ओलावा शोषणारे डबे बदलत बसते,” ती म्हणाली, “आणि तू तिकडे जाऊन वाफ कोंडून ठेवतोस? वर त्यातच मोजे वाळवतोस!”

मुलगी दूध पिता पिता स्क्रीनमध्ये डोकावली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, यू मेड अ मिनी सिंगापूर इन देअर लाह.”

इतकं सोपं होतं. अख्ख्या मैदानावर दमट हवा फक्त माझ्याकडे होती आणि मी ती जिवापाड जपत होतो.

उशी काढली. झरोका चार बोटं उघडला. उणे तीसची हवा डोक्यावर उतरताना, पैसे देऊन तापवलेली ऊब आपल्याच हाताने बाहेर सोडणं म्हणजे काय ते कळलं. गादी भिंतीपासून ओढली. मोजे वाळवायला आणि अंघोळीला मैदानावरच्या सगळ्यांसाठीच्या गरम शेडमध्ये जायला लागलो, आणि कुकरही तिथेच नेला. पहिली शिट्टी झाली तेव्हा गॅस गळतीचा इशारा समजून सगळे बाहेर पळाले, हे खरं आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यातलाच एक वाटी घेऊन वरणासाठी उभा होता, हेही खरं आहे. ट्रेलरमध्ये मात्र दही-पोहे, भडंग आणि गार लाडू. लाडू इतके गार, की दाताची काळजी घेत खावे लागत.

थंडी वाजायचीच. लुंगी बॅगेत गेली, मी जॅकेट घालून झोपायला लागलो. पण दार उघडायला लागलं, आणि पहाटेची एकही नोंद चुकली नाही.

मग मॅनेजरने स्वतःच फोन केला. गिऱ्हाइकाला बर्फ वितळेपर्यंत चाचण्या हव्या होत्या, म्हणजे ठरल्यापेक्षा बरंच जास्त. तो आढेवेढे घेणारा माणूस नाही.

“कॅन ऑर कॅनॉट?” जमेल की नाही, एवढंच त्याने विचारलं.

वरून झरोक्यातला वारा थेट टाळूवर येत होता. बोटं इतकी बधिर, की फोन दोन्ही हातांनी धरलेला. घरी मुलगी तेव्हा नव्या वर्षाच्या पुस्तकांना कव्हरं घालत असणार.

“कॅन,” मी म्हणालो, आणि उद्याचा ट्रक कुठे उभा करायचा ते त्याला विचारलं.