शिमोनआप्पा आणि दंडाचे दोन फटके

शिमोनआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या दुकानासमोरच्या गाड्यावर मिसळ खात होते. खाता खाता मध्येच त्यांनी चिमूटभर कोथिंबीर उचलली आणि हवेत सोडून दिली. ती उडून शेजारच्याच्या चहात पडली. तो भांडायला उठला, तर आप्पा शांतपणे म्हणाले, "वारं आज डावीकडनं हाय." मग हात धुऊन थेट माझ्या दुकानात आले. "तुमच्या काउंटरपासनं स्टँडच्या पाटीपतूर एकशे अठरा यार्ड," ते म्हणाले, "आन् माझ्या फोटोत काठी उलटी हाय, तेवढी सरळ करून द्या."

मी शिरूरला एसटी स्टँडसमोर फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि भावपूर्ण श्रद्धांजली, चारही प्रसंगांना फोटो तेच असतात, फक्त मजकूर बदलतो. आठवड्यापूर्वी कुणीतरी 'दौंडची शान, गोल्फसम्राट' असा मजकूर आणून दिला होता. गोल्फची काठी मी जन्मात पाहिली नव्हती. जाड टोक हातात धरायचं असणार अशी माझी समजूत, म्हणून फोटोत ती मी तशीच चिकटवली. दोन तालुक्यांत फ्लेक्स लागले, हजारोंनी पाहिले, पण चूक कळली ती फक्त फोटोतल्या माणसाला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "अवो, आमच्या घरच्यांनाबी कळलं न्हाई. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

आप्पा दौंडचे. वडील रेल्वेत लोको शेडला होते. घरदार चर्चला जाणारं, रविवार चुकवणारा हा एकटाच, कारण स्पर्धांचा शेवटचा दिवस नेमका रविवारी यायचा. रेल्वेची भरती दोनदा हुकली तेव्हा ते पुण्यातल्या एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायला लागले. पहाटेच्या डेमू गाडीने जायचं, मशीन फिरवायचं, आणि दुपारी मोठे लोक जेवायला गेले की कुणीतरी टाकून दिलेल्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, चेंडू मारत बसायचं. पुढे मोठ्या लोकांच्या बॅगा उचलल्या, मग त्याच लोकांना हरवायला लागले. घरी असले की ऊस तुटून गेलेल्या रानात सराव. एका म्हातारीने रानात सापडलेले तीन चेंडू कसल्याशा पाखराची अंडी म्हणून कोंबडीखाली ठेवले होते म्हणे. आप्पा ही गोष्ट शपथेवर सांगत, मात्र ती कोंबडी कुणीच पाहिलेली नाही.

आणि मग तो टीव्हीवरचा कार्यक्रम. बारा खेळाडू एका बंगल्यात कोंडायचे, रोज काहीतरी अचाट करायला लावायचं, म्हणजे डोळे बांधून मार, पाण्यात उभा राहून मार, आणि दर आठवड्याला एकाला रडवून घरी पाठवायचं. जिंकणाऱ्याला एका मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश. आप्पांची निवड झाली ती खेळामुळे आणि त्याहून जास्त गवत कापण्यामुळे. कॅमेरावाले दौंडला आले आणि त्यांनी गरिबी मागितली. घर स्लॅबचं, दारात बोलेरो, आप्पांची बायको एस्तेरवहिनी दवाखान्यात नर्स. दिग्दर्शिका हिरमुसली. शेवटी तिने शेजाऱ्यांच्या गोठ्यात आप्पांना म्हशीजवळ बसवलं आणि डोळ्यांत पाणी आणायला सांगितलं. आप्पा म्हणाले, "म्हस शेजाऱ्याची हाय, म्याडम. मी रडलो तर त्येला वाटंल हिला कायतरी झालं." हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं दाखवलं, खाली हिंदी अक्षरं देऊन, आणि आप्पा एका रात्रीत गाजले.

कार्यक्रमात आप्पा तिसरे आले. त्यानंतर दोन तालुक्यांत जे काही झालं ते मला तोंडपाठ आहे, कारण त्यातलं निम्मं मी छापलं. शाळांची स्नेहसंमेलनं, पतसंस्थेची शाखा, तळेगाव ढमढेऱ्यात एका सलूनचं उद्घाटन. सगळीकडे आप्पा, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर दाढ दुखत असल्यासारखं हसू. नाही म्हणणं त्यांना जमत नसे. वडीलधाऱ्याने "शिमोन, एवढं यायचं बरं का" म्हटलं की संपलं. मला मात्र एकदा म्हणाले, "टीव्हीवर तिसरा आलो तर मिरवणूक निघाली. उद्या खऱ्या खेळात पहिला आलो तर कुणाला कळायचंबी न्हाई."

बाकीच्या अकरा जणांचं पुढे काय झालं याची खडान्‌खडा माहिती आप्पांकडे असे. जिंकलेला गुडगावचा पोरगा मोठ्या स्पर्धेत दोन दिवसांत बाहेर पडला आणि आता शेव्हिंग क्रीमच्या जाहिरातीत दाढी करतो. दुसरा आलेला निवृत्त फौजी बड्या साहेबांना मन शांत कसं ठेवायचं यावर भाषणं देतो. "त्यो बंगल्यात दोन येळा भाजीवरनं भांडला व्हता," आप्पा सांगायचे. एकाने लग्नच स्पर्धकाशी केलं आणि दोघांनी मिळून खेळ सोडला. पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलेली चंदीगडची एक मुलगी तेवढी आज परदेशात खऱ्या स्पर्धा खेळते. "तिला टीव्हीनं लवकर सोडलं, म्हणून वाचली," असं आप्पांचं निदान. स्वतःबद्दल विचारलं की म्हणायचे, "माझं अजून ठरायचं हाय."

ते ठरणार होतं कार्डावर. कार्ड म्हणजे वर्षभर देशातल्या मोठ्या स्पर्धा खेळायचा परवाना. त्यासाठी हिवाळ्यात चार दिवसांची पात्रता फेरी असते. पहिल्या तीस जणांना आणि तिसाव्याच्या बरोबरीत असलेल्यांना कार्ड, बाकीच्यांनी घरी जायचं. आप्पांची चाळिशी उलटली होती. एस्तेरवहिनींनी निक्षून सांगितलं होतं, "बारा वर्सं गवताचा वास घेऊन घरात येताय. यंदा शेवटचं. न्हाई झालं तर हैदराबादच्या बाजूची ती गोल्फ शिकवायची नोकरी धरायची." आप्पांनी मान डोलवली होती. त्यांना शिकवायचं नव्हतं, खेळायचं होतं. एवढीच एक गोष्ट त्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी मागितली, आणि ती मी बिघडवली. कशी, ते सांगतो.

फेरी पुण्यात होती. तीन दिवस आप्पा झकास खेळले आणि बाविसावे होते. रोज रात्री दौंडला परत यायचे, परक्या उशीवर मान धरते म्हणून. चौथ्या दिवशी त्यांची वेळ दहा पन्नासची होती, आणि त्यांना माझ्या गाडीतून न्यायचं मी मोठ्या हौसेने कबूल केलं होतं. आदल्या संध्याकाळी कासुर्डीहून आबांचा फोन आला. आबा सोसायटीचे माजी चेअरमन, माझ्या सासऱ्यांचे मित्र आणि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. निवडणूक तोंडावर आलेली. म्हणाले, "शिमोन उद्या आपल्या फाट्यावरनंच जानार ना? आठ वाजता सत्कार ठिवलाय. दोन मिन्टं. रस्त्यातच हाय." निवडणुकीचे सगळे फ्लेक्स माझ्या डोळ्यांसमोर फडफडले. मी म्हणालो, "येतील आबा, मी शब्द देतो."

सकाळी गाडीत बसल्यावर मी ते आप्पांच्या कानावर घातलं. त्यांनी एकवार घड्याळ पाहिलं. "तू शब्द दिलास व्हय? मग जाऊ," एवढंच म्हणाले.

ज्याने आमच्याकडचा सत्कार पाहिलेला नाही त्याला दोन मिनिटांचा अर्थ कळायचा नाही. आठला आप्पांना व्यासपीठावर बसवलं, फेटा बांधला. मग कळलं की शाल प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते आहे आणि प्रमुख पाहुणे पाटसला आहेत. सत्कारमूर्तीने पाहुण्यांच्या आधी उठायचं नसतं. तसं केलं तर तो गावाचा अपमान, आणि निवडणुकीच्या वर्षात गावाचा अपमान म्हणजे आबांचाच. साडेआठला पाहुणे अजून पाटसलाच. बहुधा त्यांचाही तिथे सत्कार चालू असावा. तोवर आबांनी क्रीडा आणि सहकार यांचा संबंध जोडून दाखवला. मी खालून घड्याळ दाखवत होतो, आप्पा वरून मला डोळ्यांनी विचारत होते, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही तोंडून 'आम्ही निघतो' हे दोन शब्द निघत नव्हते. सव्वानऊला पाहुणे आले. शाल, नारळ, फोटो, हलला म्हणून परत फोटो. निघायला साडेनऊ वाजून गेले आणि पुढे हडपसरपर्यंत ट्रकच ट्रक.

आप्पा पहिल्या टीवर, म्हणजे जिथून खेळ सुरू करतात तिथे, पोचले तेव्हा दहा त्रेपन्न झाले होते. गडबडीत फेटा डोक्यावरच राहिला होता. पाच मिनिटांहून जास्त उशीर झाला की बाद, पाचच्या आत असला तर दोन फटक्यांचा दंड, आणि गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे. पंच माणूस भला होता. त्याने आप्पांना ओळखलं आणि इंग्रजीमिश्रित हिंदीत समजावून सांगितलं की वाटेत अपघात वगैरे काही आपल्या हाताबाहेरचं घडलं असेल तर सांगा, दंड माफ करता येईल. मी मागून आप्पांचा शर्ट ओढला. "लोणीला ॲक्सिडेंट म्हणा," मी कुजबुजलो. आप्पांनी फेटा काढून माझ्या हातात दिला आणि पंचाला म्हणाले, "सत्कार था, साब."

पंचाने 'सत्कार'चा अर्थ विचारून घेतला. बिचाऱ्याने नियमाचं पुस्तकही चाळलं. आमच्यासाठी त्यात कलम नव्हतं.

दंडाचे दोन फटके डोक्यावर घेऊन आप्पा त्या दिवशी जे खेळले, तसा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाकीचे खेळाडू स्वतःचा खेळ संपवून त्यांच्या मागे चालायला लागले, एवढं मला दिसत होतं. संध्याकाळी फळ्यावर नावं लागली. आप्पा एका फटक्याने बाहेर. मी तो फळा चार वेळा वाचला. नंतर पार्किंगमध्ये गाडीच्या मागे जाऊन रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

परतीच्या वाटेवर यवतला आम्ही चहाला थांबलो. तिथे मी विचारलं, "ॲक्सिडेंट सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, आप्पा?" ते म्हणाले, "त्यानं इचारलं असतं, किती लागलं? तू लगीच चार माणसं मारली असतीस. फ्लेक्सवाला तू, फोटोबी छापून आणला असतास." आणि ते हसले. मला हसू आलं नाही. पुढे कुणी विचारलं तर ते सांगायचे की गाडी पंक्चर झाली. पंचाला खरं सांगणारा हा माणूस माझ्यासाठी गावभर खोटं बोलत फिरत होता, आणि मला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

जूनमध्ये ते हैदराबादच्या बाजूला निघाले. एका रिसॉर्टवर पाहुण्यांना गोल्फ शिकवायचं, राहायला क्वार्टर, वहिनींनाही तिथेच काम. निरोप समारंभ करू या म्हणून आबांचा फोन आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांना नाही म्हणालो. त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ते दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. दौंड स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. वहिनी डब्यात सामान लावत होत्या. आप्पा खाली उभे. गाडी सुटायला पाचेक मिनिटं होती, आणि सहा महिने पोटात ठेवलेलं मी एकदाचं बोललो. "आप्पा, तुमचं कार्ड माझ्यामुळं गेलं. मला आबांच्या ऑर्डरी पायजे होत्या."

मला वाटलं होतं, ते 'जाऊ दे रे' म्हणतील. तसं ते म्हणाले नाहीत.

"दोन फटकं तुझं हायेत," ते म्हणाले. "त्ये मी न्हाई म्हनत न्हाई. राग आला व्हता, अजूनबी येतो. पन एक तुला म्हाईत न्हाई. तिसऱ्या दिवशी सोळाव्या होलवर माझा दीड फुटाचा पट व्हता, चेंडू नुसता भोकात ढकलायचा. पोरगंबी टाकंल असा. मारायच्या आदी मी मान वर केली. का, तर क्यामेरा कुठं हाय बघायला. बंगल्यात सवय लागली व्हती, सोपा पट असला की जरा थांबायचं, त्येंना तोंड जवळनं घ्यायचं असतंय. क्यामेरा नव्हताच. पट चुकला. त्यो एक आत गेला असता तर बरोबरीत आलो असतो, तुझं दोन धरूनसुद्धा."

गाडीने शिट्टी दिली. ते डब्यात चढले आणि दारात उभं राहून म्हणाले, "तर तुझं दोन तू घे. माझा एक माझ्याकडं ऱ्हाऊ दे. त्यो मी कुनाला द्यायचा न्हाई."

आप्पा तिकडे बरे आहेत. कधीतरी फोन येतो. शिकायला आलेले पाहुणे फोटो काढण्यापुरती काठी धरतात, ही त्यांची नेहमीची तक्रार. माझं दुकान चालू आहे, सत्कारही चालू आहेत. फक्त कुणी सत्काराचा फ्लेक्स करायला आलं, की नाव आणि फोटो घ्यायच्या आधी मी एक प्रश्न विचारतो, "त्या माणसाला त्या दिवशी कुठं पोचायचंय का?"

आजवर एकाही आयोजकाला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.