सरकीची गादी

दिवाळीनंतर आमच्या घरातली पुढची खोली कापसाची व्हायची. वेचलेला कापूस तिथे ओतत आणि तो बाजाराला जाईपर्यंत आम्ही सगळे मागच्या खोलीत दाटीवाटीने राहत असू. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी दहा-अकराची होते. आमची कुत्री म्हातारी झाली होती, मागचे पाय धरले होते. त्या हिवाळ्यात तिने कापसाच्या ढिगावर झोपायचा हट्ट धरला. तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा. पण कापसात केस सापडले की व्यापारी मालाला नावं ठेवायचे.

बाबा रागीट, आणि मी त्यांचीच लेक. ते म्हणाले, "अजून एक डाव ढिगावर दिसली, तं बाजाराच्या दिवशी हिंगणघाटले नेऊन सोडतो." बाबा बोलले की करायचे.

मग मी तिच्यासाठी गादी शिवायला बसले. मायच्या जुन्या लुगड्याची पिशवी केली, ढिगातला ओंजळी-ओंजळी कापूस कोंबला आणि तोंड शिवून टाकलं. माय म्हणाली, "पोत्याले घालते तसे टाके घातले वं बाई." कुत्रीने गादी हुंगली, तीन फेऱ्या मारल्या, बसली, उठली आणि बाबांच्या डोळ्यांदेखत ढिगावर जाऊन पडली. बाजार दुसऱ्याच दिवशी होता. बाबा उठून गाडीच्या चाकांना वंगण घालायला गेले, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मायने गादीवर तळहात दाबला. "काऊन बसन ते? सरकी तशीच भरली तू. टोचून राह्यली."

कापूसवाल्याची पोर, आणि सरकी काढायची विसरले. मला रडूच आलं. टाके उसवून मी बोटांनी सरकीचं एकेक बी काढू लागले. थोड्या वेळाने बाबा पाट आणि लोखंडी सळई घेऊन समोर येऊन बसले. पाटावरच्या कापसावर सळई लाटली की सरकी आपसूक बाहेर पडते. "बोटानं करशीन तं दुसरी दिवाळी येईन," ते म्हणाले. दिवेलागणीला गादी पुन्हा शिवून झाली. कुत्री तिच्यावर पडली ती सकाळपर्यंत हलली नाही. मला वाटलं, वाचली.

सकाळी बाबांनी कापसाची गाडी भरली. आपल्या बसायच्या जागेपाशी गादी टाकली आणि कुत्रीला उचलून तिच्यावर ठेवलं. म्हणजे तिकडे सोडल्यावर निजायला काही असावं, म्हणून सळई चालवली होती तर! मी चाक धरून उभी राहिले.

"सोड चाक. उशीर होऊन राह्यला."

कारण सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मी म्हटलं, "तुमी घरी नाई आले तरी चालन मले." मायने माझ्या तोंडावर हात ठेवला. बाबांनी बैल हाकले.

दिवसभर मी घास घेतला नाही. दिवस कलल्यावर गाडी परत आली, आणि रिकाम्या गाडीत गादीवर ती बसलेली होती. बाबा मायला सांगत होते, "दर साली गाडीखालून चालत आली ना माह्यासंगं बाजारात? औंदा पाय चालत नाई, म्हणून का घरी ठेवू तिले?"

मी गोठ्यात जाऊन बसले. ते जेवायला बोलवायला आले तेव्हा मला वर बघवेना. "माय वाट पाहून राह्यली," एवढंच ते म्हणाले. सकाळचं माझं बोलणं त्यांनी पुढे कधीच काढलं नाही, आणि मलाही ते परत घेता आलं नाही.