व्हॅनवाल्याच्या घरची सकाळ

शाळेची पोरं त्याला मागून 'भोंगा' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं. शाळेची व्हॅन चालवणाऱ्याने हॉर्न वाजवायचा नाही तर काय बासरी वाजवायची, असं त्याचं म्हणणं. फाटकापाशी गाडी थांबली की दोनदा हॉर्न, थोडी वाट, आणि मग कोणी येवो न येवो, गाडी पुढे. नाड्या लोंबकळत पळत येणारी मुलं, मागून डबा घेऊन धावणाऱ्या आया, खिडकीतून "आलोच" म्हणणारे बाप, या सगळ्यांचा त्याला मनस्वी वैताग यायचा. "शाळा काय आज अचानक उगवली का?" असं तो तोंडावर विचारायचा. एकदा तर कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मुलाला मागे टाकून तो सरळ निघून गेला होता. दप्तर हातात धरून उभी राहिलेली ती बाई त्याला आरशात दिसली होती. उद्यापासून सुधारतील, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्याच्या स्वतःच्या दोन मुली मात्र रोज वेळेवर, वेण्या घालून, व्हॅनमध्ये बसलेल्या असत. त्या तशा कशा होतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

मग त्याच्या बायकोची ड्यूटी बदलली. ती नर्स होती. "आता उजाडायच्या आत निघावं लागेल," ती म्हणाली. "मुलींचं तुम्ही बघा."

"त्यात बघायचं काय?"

ती नुसती हसली.

पहिल्याच सकाळी थोरली न्हाणीघरात शिरली ती बाहेर येईना. धाकटी पलंगावर एका पायात मोजा घालून दुसऱ्या पायाकडे बघत बसली होती. "मोजा घाल," म्हणून तो दूध तापवायला गेला. परत येऊन बघतो तर मोजा हातातच.

"घाल ना गं."

"टोचतो."

"रोज टोचतो का?"

"रोज टोचतो."

तिकडे दूध उतू गेलं. तो ओटा पुसतोय तोवर थोरली बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, आज जुनी वर्तमानपत्रं न्यायची आहेत. बाईंनी परवाच सांगितलंय."

"मग परवा का नाही बोललीस?"

"तू विचारलं नाहीस."

डोळे मिटून टायर बदलणारा हा माणूस, पण वेणीचे तीन पदर काही केल्या त्याच्या हातात राहीनात. शेवटी धाकटीचे केस त्याने तसेच मोकळे सोडले. पहिल्या फाटकापाशी पोचला तेव्हा आईबाप रस्त्यावर येऊन घड्याळं बघत होते.

"टायर बसला होता," तो म्हणाला.

"टायर नाही, मोजा," मागून थोरलीने सांगून टाकलं.

पुढचे कित्येक दिवस हेच. तो ओरडला की धाकटी आणखी संथ व्हायची, आणि ती संथ झाली की तो आणखी ओरडायचा. संध्याकाळी त्याने बायकोपुढे गाऱ्हाणं मांडलं. "ती मुद्दाम करते. तू काय करायचीस ते तरी सांग."

"इतकी वर्षं एका घरात राहून आज विचारताय?" बायको चप्पल काढत म्हणाली. "मला नका विचारू. मुलींना विचारा." आणि ती पाय पसरून डोळे मिटून बसली.

पण मुलींना विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. धाकटी अनवाणी, रडत व्हॅनमध्ये बसली. शिवणकामवाल्या बाईच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ती आणि तिचा मुलगा कधीपासून ताटकळत उभे होते. आता ही सगळं उट्टं काढणार, म्हणून त्याने मान खाली घातली. बाईने धाकटीकडे पाहिलं, तिच्या हातातले मोजे घेतले, उलटे केले आणि पायांत सरकवले. "शिवण बाहेर गेली ना, आता नाही टोचणार," ती म्हणाली. मग उभ्या उभ्या तिने वेणीही घातली.

त्याला राहवलं नाही. "मागे एकदा मी तुमच्या मुलाला सोडून गेलो होतो. मग तो शाळेत कसा गेला?"

"चालत. मी गेले सोडायला. दुकानात पोचायला उशीर झाला, मालकाची बोलणी खाल्ली." तिने सरळ उत्तर दिलं आणि मुलाला गाडीत चढवलं. दिवसभर त्याला ते उत्तर खुपत राहिलं.

त्या संध्याकाळी त्याने मुलींना समोर बसवलं. थोरली जणू या प्रश्नाचीच वाट बघत होती. "तू एकदम दहा कामं सांगतोस. आणि ओरडलास की ही घाबरून थांबते. एक झालं की दुसरं सांग ना."

तेव्हापासून जेवणाआधीच दप्तरं दाराशी जाऊ लागली. शाळेत काय न्यायचंय ते तो स्वतः विचारू लागला. मोजे उलटे करून ठेवायचं काम धाकटीने मागून घेतलं. सकाळी तो त्यांच्याआधी उठून स्वतःचं आवरून घेई. फाटकांवर हॉर्न दोनदाच वाजे, पण मूल आल्याशिवाय गाडी हलत नसे. वैताग मात्र गेला नाही. सगळी बटणं आपली आपण लावायची, असं धाकटीने ठरवलं होतं, आणि रोज एखादं बटण चुकलं की ती पुन्हा वरपासून सुरुवात करी. तो दातावर दात दाबून उभा राही.

एके दिवशी सगळं वेळेत झालं. वेण्या, बटणं, डबे, सगळं. त्याने अगदी खुशीत गाडी सुरू केली.

"बाबा," धाकटी म्हणाली, "शू लागली."

त्याने गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि तिचा हात धरून जिना चढू लागला.