देवीचा आठवा हात

देवळांच्या भिंती रंगवणाऱ्याकडे दोन गोष्टी साचतात, वाळलेले ब्रश आणि किस्से. ब्रश निदान फेकता तरी येतात. आम्ही तिघं, म्हणजे आमचे उस्ताद आप्पा, तोंडाळ बबन आणि मी, बीडहून निघून गावोगाव देव काढतो. फ्लेक्सच्या जमान्यात, अजून हातानं!

*

चौसाळ्याजवळ एका वस्तीवर खंडोबा काढला. घोडा झाला, खड्ग झालं. एक म्हातारबा बराच वेळ बघत उभे होते.

"कुत्रं कुटंय?"

खंडोबाचं कुत्रं मी साफ विसरलो होतो. बबननं सावरलं, "बाबा, देव शिकारीला निघालाय. कुत्रं पुढं गेलंय."

"मंग देवालाच थांबवा. कुत्रं सोडून कोन शिकारीला जातंय बे?"

कुत्रं काढावं लागलं.

*

आप्पांचा नियम एकच, डोळे सगळ्यात शेवटी. डोळे नाहीत तोवर ती भिंत. शिडी टेका, शर्ट अडकवा. डोळे उघडले की तो देव, मग ब्रश लावायचा नाही. चूक राहिली तर राहिली.

एकदा लक्ष्मीच्या कमळाजवळच्या खिळ्याला बबनचा शर्ट राहिला आणि आप्पांनी डोळे काढले. शर्ट घ्यायला बबन आंघोळ करून आला!

*

मग एक दिवस बीडच्या स्टँडवर आप्पांच्या हातातला चहा सांडला. "लई गरम हाय," ते म्हणाले.

माझा चहा त्याच किटलीतला होता. कोमट.

बबननं आपला कप आप्पांपुढं सरकवला. मी तर घाबरलोच. हात हलतो हे एका गावाला कळलं की तालुक्याला कळणार. मग आप्पांकडून देवाचे डोळे कोण काढून घेणार?

*

तेलगावला अष्टभुजा देवी होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत दर्शन हवं, म्हणून घाई. सकाळी हात जरा स्थिर असतो, तेव्हा आप्पांनी स्वतःचाच नियम मोडला. तलवार बाकी ठेवून डोळे आधी काढले. ते असे उतरले की बबननं चपला काढल्या.

मग आठव्या हातातली तलवार. मुठीपासून रेघ सरळ निघाली आणि टोकाला हात हलला. पातं वाकलं.

पुसायची सोय नव्हती. देवी बघत होती.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. देवळाचे कारभारी तात्या दर्शनाची रांग घेऊन आत आले. "आप्पा, तलवार वाकडी कावून?"

आप्पांनी ब्रश खाली ठेवला. "तात्या, माजा हात..."

"तलवार कुटंय?" रांगेत पुढं कौसाबाई होती, ऊसतोडीला निघालेली, काखेत बोचकं. "कोयता हाय त्यो. आमी रोज धरतोय, आमाला कळंना व्हय?"

तिनं आपला कोयता भिंतीला टेकवला, कपाळाला लावला आणि ट्रककडे गेली. मागच्या सगळ्या बायांनी तेच केलं. शेवटी तात्यांनीही हात जोडले.

*

आप्पांनी त्यानंतर ब्रश धरला नाही. टोळ्या परतल्या तशी कौसाबाई आप्पांच्या घरी आली. त्यांच्या वस्तीवर छोटं देऊळ बांधलं होतं. "तसलीच पायजे," ती म्हणाली, "कोयतेवाली."

मी काढली. आप्पा मागं खुर्चीवर बसून बघत होते. आठव्या हातात कोयता काढला, मोजून मापून, एका दमात. डोळे तेवढे बाकी होते.

"पूस," आप्पा म्हणाले.

"काय चुकलं?"

"लई नीट आलाय. परत काढ. टोकाला आलास की हात जरा हलू दे."