जयवंताचा काटा

सेलूहून नागपूरच्या बाजूनं निघालं, की उजव्या हाताला मनोहररावांची तेलमिल लागते. सरकी दाबून तेल काढायचं, राहिलेली ढेप गुरांसाठी विकायची, असा तिचा धंदा. त्या मिलमध्ये जयवंता अकरा वर्षं फिटर होता. यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून तो सांगायचा, आज याला ताप आहे. आणि ताप असायचा.

१९९४ साली दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्या यंत्राचा मुख्य शाफ्ट तुटला. मांडीएवढं पोलाद, काकडीसारखं मोडलं. सगळे फिटर आणि हमाल तेव्हा बाहेर कडुनिंबाखाली जेवत होते. जयवंता धावत आत गेला. ढेप जिथून बाहेर पडते, तिथं एक चाक असतं. ते आवळलं की ढेप पातळ होते, तेल जास्त निघतं आणि शाफ्टवरचा पीळ वाढतो. त्या चाकावर जयवंतानं सकाळी खडूची रेघ मारली होती. रेघ बोटभर सरकली होती. आत मनोहररावांशिवाय कोणी नव्हतं.

पण मनोहरराव चारचौघांत बोलले, "जयवंताचा हात जड आहे. त्यानंच आवळलं."

खडूच्या रेघेला कोण विचारतो? नोकरी गेली, तरी दसऱ्याला जयवंता आपला पाना घेऊन मिलमध्ये गेला. अवजारांच्या पूजेला अकरा वर्षं तो पाना पाटावर असायचा. त्यानं तो ठेवला. मनोहररावांनी चपलेच्या टोकानं तो पाटाखाली सरकवला. सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही मिलनं जयवंताला घेतलं नाही. हात जड, ही बातमी त्याच्या आधी पोचलेली असायची. त्यानं रस्त्यालगत टिनाची टपरी टाकली. फवारणीचे पंप, पिठाच्या गिरण्या, जे येईल ते दुरुस्त केलं. घरी दर दसऱ्याला तो सगळ्या अवजारांना कुंकू लावायचा, फक्त तो पाना फडक्यात गुंडाळलेला राहायचा.

बायको मंदाबाई विचारायची, "त्याले काऊन नाई लावत?"

"ज्यानं पायानं सरकवला, त्याच्याच हातानं लागन."

"अन् नाई लागला तं?"

"तं गंजू दे."

त्याचा राग आरडाओरड करणारा नव्हता. सरकीसारखा तो दाबला जात होता. तेल केव्हाच निघून गेलं होतं, आता नुसती ढेप उरली होती, कडक आणि कोरडी.

नऊ वर्षांत मिलचे आणखी तीन शाफ्ट तुटले. नागपूरचा इंजिनियर येऊन म्हणाला, शाफ्टवरचा पीळ मोजणारं मीटर बसवा, बाहेरून मागवावं लागेल, ऐंशी हजार पडतील. मनोहररावांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा मिलमधल्या म्हाताऱ्या रामाजीनं सांगितलं, "मालक, जयवंतानं एका गिरणीले तसंच काई लावून देल्लं म्हंते. भंगारातून."

निरोप आला. मंदाबाईला वाटलं, नवरा जाणार नाही. त्यानं सायकल काढली.

त्याची युक्ती साधी होती. मोटर यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्याला एका बाजूला ओढते, तेव्हा तिचं स्वतःचं धड उलट्या बाजूला फिरायला पाहतं. जेवढा जोर ती लावते, तेवढाच उलटा. म्हणून त्यानं मोटरचे बोल्ट काढले, तिला दोन जुन्या बेअरिंगांवर पाळण्यासारखी टांगली, तिच्या धडाला हातभर लोखंडी पट्टी जोडली आणि पट्टीचं टोक कापूस मोजायच्या स्प्रिंगच्या काट्याला साखळीनं बांधलं. काटा थरथरू नये म्हणून पट्टीला पत्र्याचं पान लावून ते जाड तेलाच्या डब्यात बुडवलं. यंत्र सुरू झालं. काटा चौतिसावर जाऊन थांबला.

"अँपिअरचं मीटर तं आहेच आपल्याकडं," मनोहरराव म्हणाले.

"व्होल्टेज पडलं का तेई चढते, मालक. ते खोटं बोलते. याले व्होल्टेजशी घेणं नाई."

एक गोष्ट त्यानं सांगितली नाही. काट्याच्या मुख्य सुईपुढं त्यानं तारेची एक बारीक सुई बसवली होती. मुख्य सुई चढली की ती हिला पुढं ढकलायची. मुख्य सुई उतरली, तरी ही तिथंच राहायची.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती सुई कुठं असते, ते तीन दिवस त्यानं नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी मंदाबाईनं सगळ्या मिलसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली. जयवंतानं तारेची सुई चौतिसावर आणून रामाजीला दाखवली आणि एकेकाला हाताला धरून बाहेर नेलं. "आज माहं जेवण. आत कोणी थांबाचं नाई." कडुनिंबाखाली सगळ्यांनी बोटं चाटली. तो स्वतः एक घासही जेवला नाही. आतल्या यंत्राचा आवाज जड झाला, मग पुन्हा हलका झाला. तो ऐकत होता.

सगळे आत आले. मुख्य सुई चौतिसावर होती.

"रामाजी, तारेची सुई वाच."

रामाजी वाकला. "अठ्ठावन."

"जेवाच्या आधी?"

"चौतीस. तूच दाखोली नं मले."

"आपल्यातलं जेवाले कोण नोतं?"

सगळे मनोहररावांच्या हाताकडं पाहत होते. चाकाचं काळं ग्रीस अजून तळहातावर होतं.

मग मनोहरराव खालच्या आवाजात म्हणाले, "किती घेशील?"

"पैसा नाई. दसऱ्याले पाना पाटावर ठेवजा. याच हातानं. अन् चौऱ्याण्णवमध्ये चाक कोणं आवळलं, तेई सांगजा. सगळ्यायसमोर."

२००३ च्या दसऱ्याला मिलमध्ये कधी नव्हती एवढी गर्दी झाली. शेजारच्या मिलचे फिटरही आले. मनोहररावांनी फडकं सोडलं, गंजलेला पाना दोन्ही हातांनी पाटाच्या मधोमध ठेवला, त्याला कुंकू लावलं. मग मान खाली घालून म्हणाले, "तेव्हा चाक म्याच आवळलं होतं. जयवंतानं नाई."

रामाजीनं डोळे पुसले. लोकांना वाटलं, आता मिटलं. मनोहररावांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी आपट्याची पानं उचलली आणि पुढं केली. "सोनं घे, जयवंता. झालं गेलं."

दसऱ्याचं सोनं आमच्याकडं वैऱ्याचंही नाकारत नाहीत.

जयवंतानं पाना उचलून खांद्यावर घेतला. दुसरा हात तसाच खाली राहिला.

"हात जड आहे माहा, मालक. उचलत नाई."

तो सायकलीवर बसून निघून गेला. मनोहरराव पानं धरून उभे होते.